चूल, वैल आणि कायदा

ज्या घरांत मातीची चूल सारवलेली एखादी आजी अद्याप हयात आहे, त्या घरांत वैल म्हणजे काय हें समजावून सांगावें लागणार नाहीं. ज्यांनीं जन्मापासून ग्यासची शेगडीच पाहिली त्या तरुण वाचकांकरितां एवढेंच सांगतों कीं, चुलीच्या कुशीला एक दुसरें लहान तोंड असे. पुढें भाकरी भाजली जात असतां जी आंच आंतल्या आंत उरे ती बाहेर पडण्यापूर्वीं ह्या तोंडावरच्या पातेल्याखालून जाई. वैलावर भात मुरे, आमटी ऊन राही, दुधावर साय धरे. आणि त्यासाठीं निराळें सरपण कोणी घालीत नसे. एका लाकडाचीं दोन कामें होत, आणि ह्यांत कांहीं शास्त्र आहे असें कोणाच्या मनांतही येत नसे.

परंतु त्या आजीला आणखी एक गोष्ट ठाऊक होती, आणि आजच्या लेखाचा सारा विषय त्या गोष्टींत आहे. वैलावर भांडें चढविलेलें असेल तरच वैलाचा उपयोग. रिकाम्या वैलांतून निघणारी आंच आणि धुराड्यांतून जाणारी आंच ह्यांत कांहींएक अंतर नाहीं. "माझ्या चुलीला वैल आहे" असें सांगणारी सून काटकसरी ठरत नाहीं; त्या वैलावर काय शिजलें हें पाहावें लागतें. यूरोपांतल्या कायदेपंडितांनीं गेल्या वीस-बावीस वर्षांत पुष्कळ कागद खर्चून जें कायद्यांत बसविलें तें हेंच होय, आणि आमच्या देशाच्या कायद्यांत जें अजून नीटसें बसलेलें नाहीं तेंही हेंच.

कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या वीजकेंद्राजवळून प्रवास करतांना ते अवाढव्य मनोरे आणि त्यांतून निघणारे पांढरे ढग वाचकांनीं पाहिले असतील. पुष्कळांस तो धूर वाटतो. तो धूर नव्हे, पाण्याची वाफ होय. बाष्पचक्राला, म्हणजे ज्याला आपण टर्बाईन म्हणतों त्याला, फिरवून दमलेली वाफ पुन्हां पाणी करण्यासाठीं जी उष्णता काढून टाकावी लागते ती ह्या मनोऱ्यांतून आकाशांत जाते. कोळशांतल्या शंभर भाग उष्णतेपैकीं पस्तीस ते चाळीस भागांची वीज होते. बाकीचे साठ-पासष्ट भाग बहुतांशीं असे वाऱ्यावर सोडून द्यावे लागतात. हा इंजिनियरांचा निष्काळजीपणा नव्हे. उष्णतेची सर्वच्या सर्व शक्ति कामांत बदलतां येत नाहीं, हा सृष्टीचाच नियम आहे.

मग ही उरलेली उष्णता वापरीत कां नाहींत? कारण ती कोमट असते. टर्बाईननें वाफेंतली शक्ति शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतली कीं मागें जें उरतें तें हात धुण्याच्या पाण्याहून फारसें ऊन नसतें. वैलावर भांडें चढवावयाचें असेल तर चुलीनें थोडी आंच त्याच्यासाठीं राखून ठेवावी लागते. वाफ पुरती दमण्यापूर्वींच टर्बाईनमधून काढून घ्यावयाची. वीज थोडी कमी होते, पण निघालेली वाफ साखरेचा रस आटवावयास, कागदाचा लगदा वाळवावयास, कापड रंगवावयास किंवा थंड देशांत शहरचीं घरें ऊबदार ठेवावयास पुरेशी कढत असते. असें केलें म्हणजे शंभर भाग इंधनांतले ऐशी ते नव्वद भाग कामास येऊं शकतात. ह्या पद्धतीला इंग्रजींत 'उष्णता आणि वीज एकत्र' अशा अर्थाचें नांव आहे. आमच्याकडे सरकारी कागदांत 'सहवीजनिर्मिति' हा शब्द रुळला आहे, आणि कारखान्यावरचीं माणसें सुटसुटीतपणें 'कोजन' म्हणतात.

ह्या विद्येंत यूरोपांत डेन्मार्क देशानें सर्वांत मोठें नांव कमाविलें. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथें १९०३ सालीं शहरचा केरकचरा जाळून त्यावर वीज आणि उष्णता दोन्ही काढण्यास प्रारंभ झाला. परंतु ह्या गोष्टीला राष्ट्रीय धोरणाचें रूप आलें तें १९७३ च्या तेलाच्या संकटानंतर. त्या वेळीं डेन्मार्कला लागणाऱ्या एकंदर ऊर्जेपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक भाग परदेशच्या तेलांतून येई. तेल महागलें, अपुरें पडूं लागलें. रविवारीं मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी झाली, आणि मोकळ्या रस्त्यांवरून लोक सायकली घेऊन हिंडले. त्या धक्क्यानंतर १९७६ सालीं विजेच्या पुरवठ्याचा आणि १९७९ सालीं उष्णतेच्या पुरवठ्याचा कायदा झाला.

हा दुसरा कायदा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. उष्णता ही पाण्याप्रमाणें किंवा रस्त्याप्रमाणें सार्वजनिक व्यवस्थेची वस्तु आहे असें त्यानें धरलें. आपल्या हद्दींत कोठें किती उष्णता लागते आणि ती कोठून मिळेल ह्याची पाहणी प्रत्येक नगरपालिकेनें करावयाची, नकाशावर विभाग पाडावयाचे, अमुक विभागांत वीजकेंद्राचें गरम पाणी नळांनीं जाईल, तमुक विभागांत नैसर्गिक वायु जाईल, असें ठरवावयाचें. पुढें अशा विभागांतल्या घरांवर जोडणी घेण्याची सक्तीही करतां येऊं लागली, आणि १९८८ पासून नव्या इमारतींत विजेवर खोल्या तापविण्यास मनाई झाली. आज त्या देशांतलीं सुमारें दोन-तृतीयांश घरें अशा सामायिक नळांवर ऊब घेतात. व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी म्हणतील कीं, माझ्या घरांत मी कशानें शेक घ्यावा हें नगरपालिकेनें कां सांगावें? प्रश्न वावगा नाहीं. परंतु वैल एका घरचा असला तर त्यावर भांडें ठेवणें सुनेच्या हातीं असतें. वैल सबंध शहराचा असला तर भांडीं गोळा करण्याचें काम कोणी तरी अधिकारानें केल्यावांचून होत नाहीं.

डेन्मार्कनें जें आपण होऊन केलें तें बाकीच्या देशांनींही करावें अशी यूरोपीय संघाची इच्छा होती. संघाच्या कार्यकारी मंडळानें १९९७ सालीं असें उद्दिष्ट मांडलें कीं, एकंदर विजेपैकीं ह्या रीतीनें होणारी वीज शेंकडा ९ आहे ती २०१० पर्यंत दुप्पट, म्हणजे १८, व्हावी. परंतु नुसत्या इच्छेनें काय होतें? तेव्हां ११ फेब्रुवारी २००४ रोजीं संघानें एक निदेश काढला आणि सर्व सभासद राष्ट्रांनीं २१ फेब्रुवारी २००६ पर्यंत तो आपापल्या कायद्यांत उतरवावा असें फर्माविलें.

ह्या निदेश नांवाच्या प्रकाराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या राज्यपद्धतींत त्याला नेमका जोड नाहीं. संघाचा निदेश नागरिकांस थेट उद्देशून नसतो. तो राष्ट्रांस सांगतो कीं, हें फळ मिळालें पाहिजे. मार्ग तुमचा तुम्ही निवडा. मूळ सूत्र एक आणि त्यावरील वृत्ति प्रत्येक शाखेची निराळी, असा हा प्रकार आहे. जर्मनीनें २००२ सालींच स्वतःचा कायदा करून अशा विजेला दर युनिटामागें अधिक मोबदला ठरवून दिला होता. त्यांत फेरफार करून भागलें. आयर्लंडांत असा पाया नव्हता. तेथें २००६ च्या ऊर्जाविषयक अधिनियमांत एक कलम घालून, कोणतें केंद्र खरोखर कार्यक्षम आहे हें तपासून दाखला देण्याचें काम वीज-नियामकाकडे सोंपविण्यांत आलें. वृत्ति निराळ्या झाल्या. परंतु सूत्रांतल्या दोन गोष्टींना कोणालाही हात लावतां येत नव्हता, आणि त्या दोन गोष्टींत त्या निदेशाचा प्राण आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'उपयुक्त उष्णता' ह्या शब्दाची व्याख्या. आर्थिक दृष्ट्या समर्थनीय अशी उष्णतेची किंवा थंडाव्याची जी खरी गरज असेल ती भागविणारी उष्णता तेवढी उपयुक्त. म्हणजे हें केंद्र नसतें तर ती उष्णता बाजारभावानें दुसरीकडून घ्यावीच लागली असती, अशी. नदीला ऊन पाणी पाजून तें उपयोगांत धरतां येत नाहीं. वैलावर भांडें आहे कीं नाहीं एवढेंच पाहून ही व्याख्या थांबत नाहीं. त्या भांड्यांतलें अन्न कोणी खाणार आहे कीं नाहीं हेंही ती विचारते. आणखी असें कीं, केंद्राची एकंदर कार्यक्षमता ठराविक मर्यादेच्या खालीं गेली, कांहीं यंत्रांना ही मर्यादा शेंकडा ७५ आणि कांहींना ८० आहे, तर त्याची सगळी वीज सहनिर्मित समजली जात नाहीं. उपयुक्त उष्णतेच्या प्रमाणांत जेवढी बसेल तेवढीच.

दुसरी गोष्ट म्हणजे तुलना. केंद्रानें इंधन वांचविलें असें म्हणावयाचें तर कशाच्या मानानें वांचविलें? ह्याचें उत्तर असें कीं, तीच वीज चांगल्या वीजकेंद्रांत आणि तीच उष्णता चांगल्या बॉयलरांत वेगवेगळी केली असती तर जितकें इंधन लागलें असतें त्या मानानें. त्यासाठीं डिसेंबर २००६ मध्यें सर्व राष्ट्रांकरितां एकच कोष्टक ठरविण्यांत आलें. नैसर्गिक वायूवरच्या त्या काळच्या नव्या वीजकेंद्राची कार्यक्षमता शेंकडा ५२.५ आणि बॉयलरची शेंकडा ९० धरली गेली. उदाहरणार्थ, एका केंद्रानें १०० भाग वायु जाळून ४० भाग वीज आणि ४५ भाग उष्णता दिली. ही वीज वेगळी करण्यास सुमारें ७६ भाग आणि उष्णतेस ५० भाग, मिळून १२६ भाग वायु लागला असता. म्हणजे १२६ च्या ठिकाणीं १०० त काम झालें. बचत शेंकडा २१ च्या जवळपास. निदेशाची अट अशी कीं, ही बचत निदान शेंकडा १० असली तरच त्या केंद्राला 'उच्च कार्यक्षम' म्हणावें. अगदीं लहान केंद्रांना मात्र कांहींही बचत असली तरी पुरे. ज्या आमच्या वाचकभगिनी महिन्याच्या जमाखर्चाची वही ठेवतात त्यांस ह्यांत अवघड असें कांहींच दिसणार नाहीं. घाऊक बाजारांतून एकदम सामान आणून किती वांचलें हें ठरवितांना त्या हेंच गणित करितात.

आतां ह्या दोन गोष्टी कायद्यांत नसल्या तर काय होतें तें पाहूं. अमेरिकेनें यूरोपच्या पुष्कळ आधीं, १९७८ सालीं, सहनिर्मितीला उत्तेजन देणारा कायदा केला. वीजकंपन्यांनीं अशा केंद्रांची वीज घेतलीच पाहिजे असें त्यानें ठरविलें. पात्रतेची कसोटी अशी कीं, वायु किंवा तेल जाळणाऱ्या केंद्रांत वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग ही बेरीज इंधनाच्या सामान्यतः शेंकडा ४२.५ हून कमी नसावी. उष्णता निम्मीच कां धरावयाची? तर वीज ही अधिक मोलाची शक्ति आहे. विजेनें वाटेल तें करतां येतें, कोमट वाफेनें येत नाहीं. विचार शास्त्रशुद्ध आहे. पण वरच्या उदाहरणांत उष्णता ४५ च्या जागीं १२ च भाग घेतली आणि बाकीची सोडून दिली असें समजा. अमेरिकन कसोटीनें ४० अधिक ६, म्हणजे ४६, केंद्र उत्तीर्ण. यूरोपच्या कोष्टकानें पाहिलें तर ती वीज आणि ती उष्णता वेगवेगळी करण्यास सुमारें ९० भागच वायु लागला असता आणि येथें १०० जळले. म्हणजे बचत नाहींच, उलट नुकसान. हें उदाहरण आम्हीं केवळ हिशेब दाखविण्यासाठीं रचलें आहे, परंतु अमेरिकेंत व्यवहारांत काय घडलें तें ह्याहून फार निराळें नव्हतें. मुख्य धंदा वीज विकण्याचा, आणि नांवाला शेजारीं एखादें कांचेचें रोपगृह किंवा पाण्याचा अर्क काढण्याचें यंत्र, अशीं केंद्रें उभीं राहिलीं. त्यांना त्या कायद्याच्या नांवानें 'यंत्रें' म्हणून हिणविलें जाऊं लागलें. वैलावर रिकामें भांडें ठेवून ताट वाढून घेण्याचाच हा प्रकार! अखेर २००५ सालीं अमेरिकन काँग्रेसला नवा कायदा करून असें सांगावें लागलें कीं, नव्या केंद्राची उष्णता फलदायी आणि हितकर अशा कामांत लागली पाहिजे.

यूरोपनेंही सर्व कांहीं साधलें असें नाहीं. दुप्पट करण्याचें उद्दिष्ट हुकलें. २०१० सालीं हें प्रमाण शेंकडा १२ च्या आसपासच होतें. वायु महागला, वीज स्वस्त झाली, कीं अशीं केंद्रें बंद ठेवणेंच परवडतें. ह्याला व्याख्या काय करणार? २०१२ च्या ऑक्टोबरांत जुना निदेश रद्द करून ऊर्जा-कार्यक्षमतेचा नवा व्यापक निदेश आला. २० मेगावॅटहून मोठें उष्णतेचें केंद्र नव्यानें बांधतांना किंवा मोठी दुरुस्ती करतांना सहनिर्मिति परवडेल कीं नाहीं ह्याचा हिशेब करून दाखविणें त्यानें बंधनकारक केलें. मग १३ सप्टेंबर २०२३ रोजीं त्याचीही सुधारलेली आवृत्ति निघाली. तिच्यांतल्या एका नव्या अटीकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों. खनिज इंधनावरच्या केंद्रानें दर युनिट ऊर्जेमागें, वीज व उष्णता मिळून, २७० ग्रॅमहून कमी कर्बवायु सोडला पाहिजे. वायूवरचें चांगलें केंद्र ह्यांत बसूं शकतें. कोळशावरचें, कितीही काटकसरी असलें तरी, बसत नाहीं. म्हणजे वैलावर भांडें असून भागेना. चुलींत काय जळतें तेंही विचारलें जाऊं लागलें.

हें सर्व परदेशचें झालें. वाचक म्हणतील, आम्हांस घरें तापवावयाचीं नाहींत, निववावयाचीं आहेत. आमचा ह्याशीं काय संबंध? संबंध आहे, आणि तो उसाच्या फडापर्यंत पोंचतो. ज्यांनीं लहानपणीं गुऱ्हाळ पाहिलें असेल त्यांस आठवत असेल कीं, चुलाणांत घालण्यास बाहेरचें लांकूड क्वचितच लागे. रस काढलेलीं चिपाडेंच वाळवून आंत सारीत. साखरकारखान्यांत तेंच मोठ्या प्रमाणावर चालतें. एक टन ऊस गाळला म्हणजे पाव टनाहून अधिक ओला चोथा, म्हणजे बगॅस, उरतो. तोच बॉयलरमध्यें जाळून वाफ करावयाची, त्या वाफेनें टर्बाईन फिरवावयाचें आणि टर्बाईनमधून निघालेल्या वाफेनें रस आटवावयाचा. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हांपासून महाराष्ट्रांत कारखान्यांची रांगच लागली. पण पुष्कळ काळ त्यांचे बॉयलर कमी दाबाचे असत, कारण कारखान्यापुरती वीज झाली कीं काम भागे आणि उरलेल्या चोथ्याचें करावयाचें काय हाच प्रश्न पडे. जास्त दाबाचे बॉयलर बसवून उरलेली वीज बाहेर विकावी ही कल्पना पुढें मूळ धरूं लागली. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानें १९९६ च्या नोव्हेंबरांत सहनिर्मितीविषयीं ठराव केला, आणि महाराष्ट्र सरकारनें २००८ च्या धोरणांत बगॅसवरील १००० मेगावॅटचें उद्दिष्ट ठेवलें. २०१५ च्या धोरणांत आणखी तेवढेंच.

आतां आमचा मूळ कायदा पाहूं. विद्युत अधिनियम, २००३ ह्यांत सहनिर्मितीची व्याख्या एका वाक्याची आहे. ज्या क्रियेंत उपयुक्त ऊर्जेचीं दोन किंवा अधिक रूपें, त्यांत वीज धरून, एकाच वेळीं निर्माण होतात ती सहनिर्मिति. झालें! किती उष्णता, किती बचत, कशाच्या मानानें, ह्याविषयीं अवाक्षर नाहीं. पुढें ८६ व्या कलमांत राज्यांच्या नियामक आयोगांवर असें कर्तव्य लादलें आहे कीं, त्यांनीं सहनिर्मितीस 'आणि' नूतनक्षम साधनांपासून होणाऱ्या वीजनिर्मितीस उत्तेजन द्यावें. ह्या 'आणि' वरून जो वाद झाला तो मीमांसकांच्या सभेंत शोभला असता. 'नूतनक्षम साधनांपासून' हें पद केवळ दुसऱ्या निर्मितीकडे जातें, कीं अनुषंगानें पहिलीकडेही ओढावयाचें? पहिला अर्थ घेतला तर कोळसा जाळून वीज व वाफ करणारा कारखानाही उत्तेजनास पात्र. दुसरा घेतला तर नाहीं. कल्याणजवळच्या शहाड येथील सेंच्युरी रेयॉनच्या प्रकरणांत विद्युत अपील न्यायाधिकरणानें २६ एप्रिल २०१० रोजीं पहिला अर्थ स्वीकारला. इंधन कोणतेंही असो, सहनिर्मिति ती सहनिर्मिति. तशा कारखान्यावर नूतनक्षम वीज विकत घेण्याचें बंधन लादतां येणार नाहीं. २ डिसेंबर २०१३ रोजीं त्याच न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठानें दुसऱ्या एका प्रकरणांत ह्याला मर्यादा घातली, ती अशी कीं, खनिज इंधनावरची सहनिर्मित वीज घेण्याची सक्ती वितरण कंपन्यांवर करतां येणार नाहीं.

न्यायाधीशांनीं समोर जे शब्द होते त्यांचा अर्थ लावला. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, इतका वाद व्हावयास तो कायदा लिहिणाराची लेखणीच कारण झाली. इंधन कोणतें ह्यावर वर्षानुवर्षें खल झाला आणि वांचलें किती हा प्रश्न बाजूसच राहिला. बचतीचें माप कायद्यांतच असतें तर शहाडच्या कारखान्यानें आपली वाफ कोठें जाते तें दाखवावें, हिशेब जुळला तर सवलत घ्यावी, न जुळला तर घेऊं नये, इतक्यावर प्रकरण मिटतें.

माप अजिबात नाहीं असेंही नव्हे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २००९ च्या विनियमांत बगॅससारख्या इंधनावरच्या केंद्रांसाठीं एक कसोटी आहे. वीज अधिक उपयुक्त उष्णतेचा निम्मा भाग ही बेरीज, हंगामांत, एकंदर लागलेल्या ऊर्जेच्या शेंकडा ४५ हून अधिक असावी. जुन्या अमेरिकन कसोटीशीं हिचें साम्य वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. साखरकारखान्याच्या बाबतींत तिचा परिणाम मात्र उलटा होतो. समजा, एका साध्या कारखान्यानें १०० भाग बगॅसपासून १२ भाग वीज आणि ५८ भाग उष्णता घेतली. आमच्या कसोटीनें १२ अधिक २९, म्हणजे ४१, अनुत्तीर्ण. यूरोपच्या त्या २००६ च्या कोष्टकांत शेतीच्या अवशेषांकरितां वीज शेंकडा २५ आणि उष्णता शेंकडा ८० असे आंकडे आहेत. त्या मानानें हाच कारखाना शेंकडा १७ बचत करितो आणि सन्मानानें उत्तीर्ण होतो. आमची कसोटी सर्वस्वीं वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती कारखान्यांस जास्त दाबाचे बॉयलर घेण्याकडे ढकलते, आणि तें देशाच्या हिताचेंच आहे. पण ती विजेचें कौतुक करणारी कसोटी आहे, इंधनाच्या बचतीची नव्हे. आणि 'हंगामांत' ह्या एका शब्दानें तिनें वर्षाचे पुष्कळ महिने आपल्या कक्षेबाहेर ठेविले आहेत. हंगाम संपल्यावर सांठविलेल्या बगॅसवर टर्बाईन चालविलें तर त्या वाफेला घेणारा कोणी नसतो. ती वीज नूतनक्षम खरी, पण सहनिर्मित नव्हे. चूल पेटलेली, वैल रिकामा.

ह्यांत कारखानदारांचें नुकसान होईल अशी भीति कोणी बाळगूं नये. खरी वाफ वापरणारास मोजमापाची भीति नसते. नुकसान आज कोणाचें होत असेल तर तें अशा विजेचा दर अखेर आपल्या बिलांतून भरणाऱ्या गिऱ्हाइकाचें. आणि त्याला हें विचारण्याची सोयच नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं ऐन हंगामांत पश्चिम महाराष्ट्रांतल्या एका कारखान्यावर जाण्याचा योग आला. फाटकाबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, हवेंत मळीचा उग्र गोड वास, आणि पट्ट्यावरून अखंड वाहणारा ओला चोथा. टर्बाईनच्या खोलींत बोलणें ऐकूं येत नव्हतें. तेथल्या तरुण इंजिनियरांनीं मोठ्या आस्थेनें सर्व दाखविलें. रस आटविण्याच्या पात्रांकडे जाणारा, कापडांत गुंडाळलेला जाड नळ दाखवितांना तर त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसत होता. वाफ कमी खर्चावी म्हणून गेल्या तीन हंगामांत त्यांनीं केलेल्या खटपटी त्यांनीं एकामागून एक सांगितल्या. परत येतांना आम्हीं दोन मीटरांविषयीं विचारलें. एक बाहेर जाणारी वीज मोजणारें. त्याच्यावर मोहर असते, महिन्याच्या ठराविक दिवशीं वीजकंपनीचा माणूस येतो, दोघांच्या समक्ष आंकडा लिहिला जातो आणि दोघेही सही करितात. दुसरें त्या जाड नळावरचें, वाफेचें. तें कोण वाचतो असें विचारतां इंजिनियर थोडेसे हंसले. तें आम्हीच वाचतों, बाहेरचें कोणी आजवर तें पाहावयास आलेलें नाहीं, असें त्यांनीं सांगितलें; आणि खिशांतून वही काढून त्या दिवसाचा आंकडा आम्हांस दाखविला.